दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: गीअरबॉक्स का उघडला नाही

नमस्कार.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: पुण्याहून निघाल्यापासून गीअरबॉक्समधून घरघर येत होती, ती बघायला तुम्ही मोटरसायकल आमच्याकडे डिचोलीत दिलीत. आम्ही गीअरबॉक्स उघडलाच नाही, उगाच ऑइल काढलं, ट्रायलच्या नावाखाली पेट्रोल जाळलं, चेन-सेट (चेन आणि तिची दोन्ही दातेरी चाकं) गळ्यात मारला आणि वर 'नुसतं ऐकण्याचे' ५०० रुपये लावले. शिवाय गोव्यात बाहेरची नंबरप्लेट दिसली की कापतात. यातलं शेवटचं आधी: आमचे दर भिंतीवर लिहिलेले आहेत. जीए असो की एमएच, तेच.

आता घरघर. ती पायाखालून येत होती, यात वाद नाही. पण पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, तेही तिथंच, गीअरबॉक्सच्याच शाफ्टवर बसलेलं असतं. चेन जे काही सोसते ते त्या शाफ्टवरून गीअरबॉक्सच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, शिरतं, आणि वर बसलेल्याला सगळं गीअरबॉक्समधूनच आल्यासारखं वाटतं.

म्हणून आधी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लच दाबून-सोडून बघितला. क्लच दाबल्यावर बंद होणारा आवाज असता तर इनपुट शाफ्टचं (क्लचकडून गीअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग किंवा क्लचची बास्केट (क्लचच्या प्लेटा धरणारा डबा) धरली असती. तुमची गाडी उभी असताना आवाजच नव्हता. एकट्याने चालवली तरी फारसा नाही. मागे आमचा पोरगा बसवला, तुमचे दोन्ही बॉक्स लावले आणि केरीच्या पुढे घाटाची वळणं घेतली, तेव्हा तो आला. तुमचं पेट्रोल गेलं ते इथे.

आवाज सगळ्या गीअरमध्ये सारखा होता. एखाद्या गीअरचे दात गेले असते तर त्या गीअरपुरताच आला असता. उतारावर न्यूट्रल केली, इंजिन आयडलवर आलं, तरी घरघर चालूच. गाडीचा वेग कमी झाला तशी तीही उतरली. आणि ती एकसारखी नव्हती, चढायची आणि ओसरायची. सपाटीवर अगदी हळू चालवून ऐकलं तर मागच्या चाकाच्या साधारण तीन फेऱ्यांना एकदा चढत होती. तीन फेऱ्यांत एकदा फिरणारी वस्तू चेनच. शंभरावर कड्या, मागे चाळिसाच्या आसपास दात, तुम्हीच भागून बघा.

तरी आउटपुट शाफ्टचं, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट बसतं त्याच शाफ्टचं, बेअरिंग उरत होतं, कारण तेही चाकाबरोबर फिरतं. म्हणून चेन उतरवून तो शाफ्ट हाताने हलवला, फिरवला. ढिलेपणा नाही, खरखर नाही. ऑइल काढलं तेही याचसाठी. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडा लेप होता, तो चालतो. पत्र्याचे तुकडे किंवा चकचकीत कण असते तर मीच तुम्हाला पुढे जाऊ दिलं नसतं.

चेनमध्ये काही कड्या आखडलेल्या, बाकीची ताणलेली. सैल जागी बघून कुणीतरी ती घट्ट केली होती, तीही स्टँडवर, रिकाम्या गाडीला. माणूस आणि सामान चढलं की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली होणारा दांडा) वर जातो, पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात, आणि चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. त्यात आखडलेला भाग फिरून आला की शाफ्टला ओढ बसते. असंच चालवत राहिला असतात तर त्या शाफ्टचं बेअरिंग खरंच गेलं असतं, मग गीअरबॉक्स उघडावा लागलाच असता.

उघडणं म्हणजे इंजिन फ्रेममधून उतरवायचं, केस दोन भागांत सोडवायची, नवी गॅस्केट, नवे सील. त्याची मजुरी चेन-सेटच्या कितीतरी पट, आणि आत काही निघालं नसतं तरी ती आम्ही घेतलीच असती. ५०० रुपये त्यासाठी आहेत की ते करावं लागू नये. ते परत मिळणार नाहीत.

'आवाज अजून थोडा येतो' असं तुम्ही लिहिलंय. अ‍ॅक्सिलरेटर सोडताना बारीक शीळ येते तीच ना? सरळ दातांच्या गीअरची ती असतेच. चेनची घरघर बुजवत होती, आता ऐकू येते. पण ती एकाच गीअरमध्ये वाढत गेली किंवा गीअर उडायला (आपोआप सुटायला) लागला, तर चालवू नका, दाखवा. आणि नवी चेन सुरुवातीला थोडी ताणून बसते, तेव्हा ५०० किलोमीटरनंतर ताण एकदा बघून घ्या. दोघं बसून, बॉक्स लावून, दोन-तीन ठिकाणी. पुण्यात कुणीही बघेल.

जुना सेट गोणीत बांधून ठेवलाय. दुसऱ्या मेकॅनिकला दाखवायचा असेल तर कळवा, कुरिअर करतो. खर्च तुमचा.