उमाजी नाईक, सेटलमेंट आणि भाच्याने पुढे ढकललेला तो मेसेज

आधी मेसेज काय होता ते सांगतो. "दरोडेखोरांवर कादंबऱ्या लिहून त्यांना हिरो करतायत. उमाजी नाईक साधा लुटारू. त्याच्यासारख्यांमुळेच इंग्रजांना 1871 ला गुन्हेगार जमातींचा कायदा करावा लागला. काही जातींच्या रक्तातच चोरी असते."

माझ्या भाच्याने हे नीट न वाचता शाळेच्या ग्रुपवर टाकलं. त्याच ग्रुपवर त्याचा सातवीपासूनचा दोस्त, आपल्या सोलापूरच्या सेटलमेंट वस्तीतला. पोरगं एक शब्द बोललं नाही, ग्रुपमधून निघून गेलं.

कायद्याचं घ्या. उमाजी म्हणजे इंग्रजांविरुद्ध बंड करणारा, रामोशी समाजातला. त्याला पुण्यात फाशी दिली 3 फेब्रुवारी 1832 ला. कायदा आला 1871 ला. मध्ये 39 वर्षं गेली ओ! आणि तो आधी उत्तरेकडं लागू झाला, आपल्या मुंबई इलाख्याला लागला 1911 च्या कायद्यानं. मग उमाजीमुळे कायदा झाला हे कुठून काढलं?

आता ते "रक्तात चोरी". हे सोलापुरात राहून कुणी पुढे पाठवतं याचाच संताप येतो. सेटलमेंट हे नाव कशावरून पडलं हे कधी कुणाला विचारलं का? याच कायद्याखाली पारधी, कैकाडी अशा जमातींची माणसं बायकापोरांसकट तारेच्या कुंपणात आणून ठेवली होती, रोजची हजेरी, बाहेर जायचं तर परवानगी, आणि चोरी केली का नाही हे कुणी विचारायचंच नाही, जन्म कुठल्या घरात झाला तेवढं बघायचं. हीच माणसं इथल्या गिरण्यांत पाळ्या करून आपलं शहर चालवत होती. देशातून तो कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी. कायदा गेला, पण मेसेजमधून तीच हजेरी परत घेताय की तुम्ही.

"साधा लुटारू" म्हणाल तर अर्धं मान्य करतो. उमाजीने दरोडे घातले, चोरीसाठी तुरुंगात गेला, मध्ये माफी घेऊन ईस्ट इंडिया कंपनीची चाकरीही केली, हे खरंय. पण साध्या लुटारूवर सरकार 10,000 रुपये बक्षीस लावत नाही. कॅप्टन मॅकिंटॉश, त्याच्या मागावर असलेला इंग्रज अधिकारी, त्याने 1833 ला रामोशांवर आख्खं पुस्तक लिहिलं, आणि रामोशांकडं किल्ल्यांची, गावांची राखण होती, त्याचे हक्क होते हे त्यातच आहे. शत्रूनेच लिहून ठेवलंय. राखणदाराचं वतन काढून घ्यायचं आणि मग त्यालाच चोर म्हणायचं, व्वा.

कादंबरीतले संवाद लेखकाचे असतात, बरोबर. तारखा कादंबरीतून घेऊ नका, एवढंच. त्यासाठी अख्ख्या जातीला शिव्या कशाला?

भाच्याने मेसेज डिलीट केलाय. मी म्हटलं तेवढ्यावर भागणार नाही, घरी जाऊन माफी माग. रविवारी जातोय, मी पण सोबत आहे.