आधीच्या शिंप्याशी माझे भांडण

कोरे कापड कापायला माझा हात धजत नाही. ठाणातून मोजून आणलेल्या त्या सरळ, स्वच्छ, कुणाचेही काही वाकडे न केलेल्या कापडावर कात्री ठेवली, की एखाद्या निरपराध माणसाला शिक्षा फर्मावत असल्यासारखे वाटते. म्हणून मी असा सोयीस्कर विचार केला, की शिवण शिकायचेच असेल तर ते जुन्या कपड्यांवर शिकावे. कुणीतरी अंगावरून उतरवलेले, वापरून वापरून मऊ झालेले, सेकंडहँड दुकानातल्या ढिगात पडलेले कपडे स्वस्तात आणायचे, ते घरातल्या माणसांच्या मापाचे करून घ्यायचे आणि बिघडलेच तर ‘ते आधीच टाकून दिलेले होते’ असे म्हणून मोकळे व्हायचे. या विचारात एकच चूक होती. कोऱ्या कापडाला भूतकाळ नसतो; जुन्या शर्टात मात्र एक अख्खा अनोळखी माणूस आणि त्याचा शिंपी असे दोघेजण आधीच राहत असतात, आणि दोघांपैकी एकही जागा सोडायला तयार नसतो.

दुकानात गेल्यावर कपडा पाहायचा नाही, कापड पाहायचे, हा माझा पहिला नियम. त्यामुळे माझे लक्ष नेहमी सर्वांत मोठ्या मापाच्या शर्टांवर असते. तसल्या एका शर्टातून लहान मुलीचा अख्खा फ्रॉक निघतो आणि वर गळ्याच्या पट्टीपुरते कापड उरते. काख, कॉलरची घडी आणि पँट असेल तर बैठकीचा भाग उजेडासमोर धरून पाहावा लागतो, कारण कापड विरले आहे हे हाताला कळत नाही, उजेडाला कळते. एखाद्या अनोळखी गृहस्थाची पँट दोन्ही हातांनी ताणून, एक डोळा मिटून मी तिच्या बैठकीतून पलीकडचे पाहत उभा असतो, तेव्हा माझी मुले दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दुसऱ्याच कुठल्या तरी कुटुंबाबरोबर आल्यासारखी वागतात.

लेबल बहुधा कुणीतरी कापून टाकलेले असते, आणि कापड कशाचे आहे हे समजल्याशिवाय इस्त्री किती गरम करावी हे समजत नाही. त्यावर जुना उपाय म्हणजे आतल्या शिवणीतले चार धागे काढायचे आणि चिमट्यात धरून जाळून पाहायचे. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागे मऊ राख राहते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ज्ञान म्हणून यात काहीच वावगे नाही. मात्र आपला नवरा रात्री अकरा वाजता मोरीत उकिडवा बसून धागे पेटवतो आहे आणि डोळे मिटून त्यांचा वास घेतो आहे, हे दृश्य कुठल्याही बायकोने पाहू नये असेच आहे. “काय जळतंय?” तिने दारातूनच विचारले. “लोकर,” मी म्हणालो, “पण थोडी भेसळ वाटते.” ती काही न बोलता निघून गेली.

तो लोकरीचा स्वेटर मी पुढे गरम पाण्यात घातला. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि उष्णता, ओल व घुसळण एकत्र मिळाली की ते एकमेकांत असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत, हे मी त्यानंतर वाचले. माझ्या मापाचा आत गेलेला स्वेटर मुलाच्या मापाचाही न राहता बाहेर आला, आणि इतका दाट झाला होता की टेबलावर ठेवल्यावर कुणाच्याही आधाराशिवाय उभा राहिला. त्याचे आम्ही गरम भांड्यांखाली ठेवायचे चौकोन केले. नुसते कात्रीने कापले तरी त्यांच्या कडांचे धागे सुटत नाहीत. त्या साऱ्या प्रकरणातून तेवढेच काय ते पदरात पडले.

परंतु ही सगळी दर्शनी भांडणे झाली. खरे वैर सुरू होते ते उसवताना. शिवणकाम शिकतो आहे असे मी चारचौघांत सांगतो खरे. प्रत्यक्षात मी उसवणकाम शिकलो. टाके काढण्याचे एक लहानसे हत्यार मिळते, ज्याच्या एका टोकाला काटा असतो, दुसऱ्या टोकाला लाल मणी असतो आणि दोघांच्या बेचक्यात धार असते. हे हत्यार घेऊन मी पहिल्यांदा बसलो तो निळ्या शर्टाचा छातीवरचा खिसा काढायला. खिशाच्या शिवलेल्या कडा मिळून साधारण ३८ सेंटीमीटर भरल्या. दोन मिलिमीटरचा एक टाका धरला तर १९० टाके. मशीनच्या साध्या टाक्यात वरचा दोरा आणि खाली बसवलेल्या छोट्या रिळाचा, म्हणजे बॉबिनचा, दोरा कापडाच्या पोटात एकमेकांना वेढा घालतात, त्यामुळे एक टाका तोडला म्हणून शेजारचा टाका घाबरून सुटत नाही. एलियास हाऊ या अमेरिकन माणसाला १८४६ साली ज्या मशीनचे पेटंट मिळाले, त्यात सुईचे नेढे मागे नसून टोकाशी होते आणि दोन दोऱ्यांचा हाच टाका पडत होता. पावणेदोनशे वर्षांत माणसाने काय काय बदलले, पण हा वेढा बदलला नाही, आणि त्याची ताकद जोखायची असेल तर शिवून काही कळत नाही, उसवावे लागते. एका बाजूने दर चार-पाच टाक्यांना एक टाका तोडावा आणि मग कापड उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढावा, तो सलग निघून येतो, ही युक्ती मला समजेपर्यंत मी १९० पैकी बहुतेक टाके एकेक करून तोडले होते आणि एका ठिकाणी टाक्याऐवजी शर्टच तोडला होता.

या कामात त्या अज्ञात शिंप्याशी जी जवळीक निर्माण होते तिला तोड नाही. खिशाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांत त्याने टीप पुढे-मागे, पुढे-मागे इतक्या वेळा मारलेली होती की त्या खिशात कुणी वीट ठेवणार असल्याची त्याला खात्री असावी. “कोण हा गृहस्थ? कुणी सांगितले होते याला एवढे पक्के शिवायला?” असे मी मोठ्याने म्हणत असे. जीन्सची गोष्ट तर त्याहून अपमानास्पद आहे. जीन्सचा खालचा काठ पुष्कळदा साखळीटाक्याने शिवलेला असतो. ही साखळी योग्य टोकाकडून सोडवली तर एकच धागा ओढल्यावर सर्रकन पूर्ण उसवते, आणि चुकीच्या टोकाकडून ओढली तर मुळीच हलत नाही. मी एका पायाशी तासभर चुकीच्या टोकाकडून झटलो. शेवटी मुलाने दुसरा पाय हातात घेतला, सहज म्हणून एक दोरा ओढला आणि अख्खा काठ त्याच्या मांडीवर गळून पडला. “असं आहे होय,” तो म्हणाला. तेव्हापासून तो मला शिवणातल्या शंका विचारत नाही.

तर तो खिसा एकदाचा निघाला, आणि त्याच्याखाली मूळ रंगाचा, गडद निळा, खाली टोक असलेला पंचकोन प्रकट झाला. शर्ट उन्हाने आणि धुण्याने फिकट झाला होता. खिशाआडचे कापड मात्र अजून पहिल्या दिवसासारखे होते. जुन्या कपड्यातून काहीही काढता येते, पण ते तिथे होते ही गोष्ट काढता येत नाही. मुलीच्या फ्रॉकचे तुकडे मी टेबलावर सतरा वेळा फिरवून पाहिले. कापडाचा उभा धागा फ्रॉकच्या उभ्या रेषेशी जुळवायचा तर पंचकोन बरोबर मध्यभागी येई, आणि पंचकोन टाळायचा तर कापड तिरके धरावे लागे. उरेब कापड पट्टीला, झालरीला उत्तम, पण मुद्दाम तसे न बेतता अंगातच आले तर ते आपल्या मनाने लोंबत जाते. शेवटी पंचकोन पाठीवर, कमरेच्या जरा खाली, असा तोडगा निघाला.

तो फ्रॉक शिवताना मशीननेही आपला वाटा उचलला. वरून टीप पाहावी तर सरळ, देखणी. कापड उलटावे तर खाली दोऱ्याचे घरटे. मी बॉबिन बदलली, सुई बदलली, तेल घातले, दोन दिवस बॉबिनला दोष दिला. घरटे खाली होत असले तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो, ही या यंत्रातली सर्वांत लबाड गोष्ट आहे. दोरा ओवताना दाबाचे पाऊल वर उचललेले हवे. ते खाली असले की दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यामध्ये न जाता वरूनच सटकतो आणि ताण नसलेला तो मोकाट दोरा खाली जाऊन गोंधळ घालतो. हे उमगले तेव्हा मी मशीनची क्षमा मागितली. मनातल्या मनात मागितली. मुले घरात होती.

पहिल्याच कामाची शिवण कुठे उसवू नये म्हणून मी टाका दीड मिलिमीटरवर आणला आणि प्रत्येक शिवणीवर शेजारी शेजारी तीन टिपा मारल्या. मुलीने तो फ्रॉक एकदा घातला. आरशाकडे पाठ करून, मान वळवून तिने पंचकोनाकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “बाबा, मला मागे खिशाचं भूत का आहे?” मी तिला कापडाच्या उभ्या धाग्याचे महत्त्व समजावून सांगितले. दुसऱ्यांदा तिने तो घातला नाही, आणि वर्षभराने तो इतर कपड्यांबरोबर दान केलेल्या गठ्ठ्यात गेला.

बायकोच्या कॉरडरॉयच्या स्कर्टबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय घरात अजून मिटलेला नाही. कॉरडरॉयची लव एकाच दिशेला झुकलेली असते आणि सर्व तुकडे त्याच दिशेने कापले नाहीत तर तेच कापड दोन रंगांचे दिसते. एका पँटच्या दोन पायांतून मी स्कर्टची पुढची आणि मागची बाजू काढली, आणि कापड वाचावे म्हणून एक तुकडा उलटा ठेवला. पुढून स्कर्ट दाट तपकिरी दिसतो, मागून फिका. “समोरून येताना एक बाई आणि जाताना दुसरी,” असे तिनेच त्याचे वर्णन केले. ती तो घरात घालते, आणि मला वाटते मी चुकलो हे रोज दिसावे म्हणूनच घालते.

मागच्या महिन्यात त्याच सेकंडहँड दुकानात मला एक पिशवी मिळाली. निळे, मऊ झालेले सुती कापड, आत फुलाफुलांचे अस्तर. पिशवी म्हणून ती बेंगरूळ होती, पण मुलाच्या रात्रीच्या पायजम्याला खिसा आणि नेफा निघेल एवढे कापड सहज होते. रात्री जेवणे झाल्यावर मी उसवायला बसलो. अस्तर भराभर निघाले. ज्याने ते शिवले होते त्याने लांब, सैल टाके घातले होते, भला माणूस असावा. त्याखालची शिवण मात्र हलेना. दर चौथा टाका तोडून दोरा ओढला, तर त्याच्या शेजारी दुसरी टीप. ती काढली, तर तिसरी. टाका इतका बारीक, की हत्याराचा काटा त्याच्याखाली शिरत नव्हता. अस्तर लावणाऱ्यानेही हिच्याशी झटून हात टेकले असावेत, कारण एका कोपऱ्यात उसवण्याचा अर्धवट प्रयत्न दिसत होता आणि मग पुढे सगळे तसेच झाकून टाकले होते. “कोण हा गृहस्थ?” मी म्हणालो, आणि यावेळी आवाज बराच चढला होता. पाऊण तासाने एक बाजू मोकळी झाली, मी कापड उलगडून दिव्याखाली सपाट केले, आणि फिकट निळ्याच्या मधोमध, खाली टोक असलेला, गडद निळा पंचकोन दिसला.

आतून बायकोने विचारले, “काय झालं? गप्प का?”

“काही नाही,” मी म्हणालो, “कापड चांगलं आहे.”

मग मी ती पिशवी होती तशी पुन्हा जुळवली, अस्तर आत घातले, टाक्याची लांबी चार मिलिमीटरवर आणली आणि सगळीकडून एकेकच टीप मारली.