निबंधाचे गुण वाढवणारा तो फॉरवर्ड: पाचही सल्ले तपासून

सहामाही जवळ आली की मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘निबंधात पैकीच्या पैकी’ असा एक मजकूर फिरू लागतो. सल्ले पाच: वाक्य सहा-सात शब्दांपलीकडे नेऊ नका, प्रत्येक वाक्य वेगळ्या शब्दाने सुरू करा, दहा सुविचार पाठ करून पेरा, रोज एक पान पाहून लिहा, कच्चं लिहिण्यात वेळ घालवू नका. यातला एकही जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही.

छोट्या वाक्यांनी चुका कमी होतात, हे खरं. पण हे पाहा: ‘काल जोरात पाऊस पडला. हिंदमाताला पाणी भरलं. बस थांबली. आम्ही उतरलो. चालत परळला गेलो.’ चूक एकही नाही, आणि वाचताना हजेरी घेतल्यासारखं वाटतं. कशामुळे काय झालं, हे सांगणारे शब्दच गायब आहेत. आता हे: ‘काल पावसाने इतका जोर धरला की हिंदमाताला पाणी भरलं आणि बस जागीच थांबली. उतरलो. दुभाजकाच्या कडेकडेने, दप्तर डोक्यावर घेऊन परळपर्यंत चालत गेलो.’ एकट्या ‘उतरलो’ला वजन आलं ते आधीच्या लांब वाक्यामुळे. केवल, मिश्र, संयुक्त वाक्यं मुलं व्याकरणाच्या प्रश्नात बरोबर ओळखतात. निबंधात मात्र ती वापरायची असतात, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

वाक्यं जोडताना घसरायची जागा ठरलेली आहे: ‘-ऊन’. ‘बसमधून उतरून पाऊस थांबला’ अशी वाक्यं वह्यांत सर्रास सापडतात. उतरलो आम्ही, थांबला पाऊस. कर्ते असे वेगळे असले की ‘उतरल्यावर’ किंवा ‘उतरेपर्यंत’ हवं. ‘भिंत पडून दोघे जखमी झाले’ मात्र चालतं, कारण तिथे एकामुळे दुसरं घडलं.

वेगळ्या सुरुवातीचा सल्ला बहुधा इंग्रजीच्या वर्गातून आला असावा. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं, त्यामुळे एकसुरीपणा कानाला खटकतो तो वाक्याच्या शेवटी. ‘मुंबई मोठी आहे. इथे समुद्र आहे. लोकलला गर्दी आहे.’ तिन्ही सुरुवाती वेगळ्या, तरी ‘आहे’चा ठेका सुटत नाही. पेन्सिलने प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द अधोरेखित करा. सलग तीन सारखे आले की एक तरी बदला: ‘लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळेल तर शपथ!’ कधी प्रश्न विचारा, कधी क्रियापद गाळा. क्रियापद आधी आणून ‘थांबली एकदाची बस’ असंही लिहिता येतं, पण परिच्छेदात एकदाच. दुसऱ्यांदा ते नाटकी वाटतं.

सुविचारांबद्दल फार बोलायला नको. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ तपासणाऱ्याने त्याच गठ्ठ्यात कितीदा तरी वाचलेलं असतं.

पाहून लिहिल्याने अक्षर सुधारतं, शुद्धलेखन नाही. डोळा एकेक अक्षर उचलतो आणि हात ते उतरवतो. ‘पूल’ दीर्घ आणि ‘पुलावर’ ऱ्हस्व का, हा प्रश्न पडतच नाही. त्यापेक्षा श्रुतलेखन घ्या: आठवड्यातून तीनदा, सात-आठ ओळी, एका वेळी चार-पाच शब्दांचा तुकडा, दोनदा म्हणून. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. त्याची जोडी लिहून घ्या: फूल–फुलाला, मूल–मुलांना, वीट–विटेचा. ‘गीत–गीताला’, ‘दूत–दूताला’ असे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द मात्र दीर्घच राहतात. म्हणून दोन्ही प्रकार शेजारीशेजारी लिहिलेले बरे.

परीक्षेत कच्चं लिहायला वेळ नसतो, कबूल. घरी मात्र तेच सर्वांत कामाचं. शनिवारी 12 ते 15 ओळी, एकाआड एक ओळ सोडून. लगेच तपासू नका, कारण ताज्या लेखनात जे मनात होतं तेच कागदावर दिसतं. रविवारी मुलाने स्वतः मोठ्याने वाचायचं. श्वास अडला तिथे वाक्य तोडायचं, दोन वाक्यांत ‘मग’ नि ‘आणि’ खेरीज काहीच नसेल तिथे ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जरी–तरी’ घालून बघायचं. पालकांनी लाल पेन जरा आवरावं. सगळ्या चुका एकदम सुधारून दिल्या, की मूल त्या नुसत्या उतरवून काढतं आणि पुढच्या शनिवारी त्याच पुन्हा करतं. एका आठवड्याला चुकांचा एकच प्रकार घ्या: या वेळी फक्त सामान्यरूपं (प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो ते, ‘फूल’चं ‘फुला-’), पुढच्या वेळी फक्त ‘-ऊन’.

परीक्षेत शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची. त्यात निबंध पहिल्यापासून वाचत बसायचं नाही. वाक्यांचे शेवट आणि जे ऱ्हस्व-दीर्घ नेहमी चुकतात तेवढेच पाहायचे.