घडी मोडायची कोणी?

आमच्या घरातली मोठी खरेदी ठरलेल्या क्रमाने होते. आधी मला वस्तू आवडते, मग मी तिची एक्सेल शीट करतो, मग बायको ती शीट वाचून एकच प्रश्न विचारते आणि आम्ही जेवायला बसतो. या पद्धतीने इंग्लंडातल्या रेडिंग गावातल्या अठरा वर्षांत आम्ही एक रोइंग मशीन, एक दुर्बीण आणि वेल्समधला अर्धा एकर उतार घेतलेला नाही.

यावेळची वस्तू होती १९७३ सालची एमजीबी रोडस्टर. दोन सीटं, कापडी छप्पर, गडद हिरवा रंग, सायकलसारखी स्पोकची चाकं, क्रोमचे बंपर. (१९७४ च्या अखेरीस अमेरिकेच्या नियमांपायी या गाडीला काळे रबरी बंपर आले. ते लावलेली एमजीबी पाहिली की नथीऐवजी मास्क घातलेली नवरी आठवते.) किंमत साडेअकरा हजार पौंड. आणि जाहिरातीच्या शेवटी, पेढ्यावर पिस्ता ठेवावा तसं: फक्त १८,९४६ मैल.

पन्नास वर्षांत एकोणीस हजारसुद्धा नाहीत! एवढं तर आमची हॅचबॅक दोन वर्षांत मुलीला पोहायला नेण्या-आणण्यातच चालते. मी शीट केली. बायकोने वाचली.

"का नाही चालवली?"

देखणा, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट, वय बेचाळीस असं स्थळ सांगून आलं की आमच्याकडे सगळ्या मावश्या एकमेकींकडे बघायच्या. हा तोच प्रश्न होता. पण मी जेवायला बसलो नाही. वयाची अठ्ठेचाळिशी आली होती आणि माझ्या शीटवर आणखी किती गाड्या येणार होत्या?

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. एकाने टोयोटा घ्या म्हणून सांगितलं, दुसऱ्यानेही टोयोटाच घ्या म्हणून सांगितलं, तिसऱ्याने गुडघ्यांसाठीचं तेल सुचवलं. पुण्याहून मेव्हण्याचा फोन आला, "एमजी घेताय? हेक्टर का?" गुजरातेत हालोलला बनणाऱ्या हेक्टरचा आणि या गाडीचा संबंध नावापुरता आहे, हे त्याला समजावत बसलो. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात तिथून जवळच अ‍ॅबिंग्डनला बनायची, पाच लाखांवर बनल्या, त्यातल्या पुष्कळ अमेरिकेला गेल्या. तो म्हणाला, "अच्छा. बूट स्पेस किती?"

माझं घोडं अडलं होतं ते दुसरीकडे. याच सालची, याच रंगाची, पण साठ हजार मैल झालेली एमजीबी साडेआठ हजारांना मिळत होती. मधले तीन हजार पौंड कशाचे? न चालवल्याचे. म्हणजे चालवण्यासाठी गाडी घ्यायची, तिच्या न चालण्याचे तीन हजार मोजायचे, आणि चालवली की ते मैलामैलाने रस्त्यावर सांडत जायचे. शीटमध्ये मी 'प्रति मैल घसारा' असा रकाना केला तेव्हा दुधाला निघालो तरी चहा महाग पडेल असं दिसलं. विमाही स्वस्त होता, पण वर्षाला पंधराशे मैलांच्या आत राहिलं तरच. म्हणजे न चालवण्याला सगळ्यांचं उत्तेजन!

इथे गाडीच्या एमओटी नावाच्या वार्षिक तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर कोणालाही बघता येतो, मीटरच्या आकड्यासकट. नंबर टाकून पाहिलं. २००६ साली १८,७८०. २०१७ साली १८,९३४. अकरा वर्षांत १५४ मैल, दर वर्षाला बरोबर १४. हा आकडा इतका नेमका कसा, यावर मी दोन रात्री विचार केला. मग नकाशा काढला. मालकाच्या गावापासून तपासणीचं गॅरेज होतं सात मैलांवर.

म्हणजे गाडी वर्षातून एकदा बाहेर पडायची, 'मी चालण्यालायक आहे' असं सर्टिफिकेट घ्यायची आणि घरी येऊन वर्षभर उभी राहायची. २०१८ पासून तेही संपलं, कारण चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना एमओटी माफ झाली. याच देशात माणूस चाळिशीचा झाला की दवाखान्यातून तपासणीला या म्हणून बोलावणं येतं, आणि गाडी चाळिशीची झाली की म्हणतात, राहू द्या, तुमचं तुम्ही बघा.

हे मी बायकोला कौतुकाने सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "आईची जांभळी पैठणी आठवते?"

आठवत होती. सासूबाईंनी ती वीस वर्षं मलमलीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती. चांगल्या कार्याला नेसू म्हणून. चांगलं कार्य आलं, म्हणजे आमचंच लग्न, आणि पैठणी उलगडली तर ज्या ज्या ठिकाणी घडी होती त्या त्या ठिकाणी रेशीम विरलेलं. नेसली असती तर टिकली असती. अधूनमधून घडी बदलली असती तरी टिकली असती.

"म्हणून नवीन साडीची घडी मोडायला आधी कोणाला तरी देतात," ती म्हणाली. "तुझ्या गाडीची घडी कोणी मोडलेलीच नाही."

आणि ते खरं होतं, हे नंतर वाचत गेलो तसं कळलं. उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, होसपायपांना चिरा जातात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आतून गंज धरतो. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरमध्ये वार्निशसारखं चिकटतं. टायरची नक्षी नवीकोरी दिसते, पण बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि साल, ते वाचले की कळतं की टायर आपल्या मुलीपेक्षा मोठा आहे. मी हे सगळं शीटमध्ये लाल रंगात घातलं. शीट सासूबाईंच्या त्या पैठणीच्या काठासारखी दिसू लागली.

तरी शनिवारी आम्ही निघालो. बायको म्हणाली, "मी येते, पण नाही म्हणायला येते." ऑक्सफर्डशरमधलं दगडी घरांचं गाव, मालक चौऱ्याऐंशीचे आजोबा, टाय लावून उभे. त्यांनी मला गॅरेजकडे नेलं, आणि बायकोला स्वयंपाकघरात बसवून चहा आणि गाडीच्या कागदांची फाइल दिली. तिला फाइल देणं किती महागात पडू शकतं, हे त्यांना कोण सांगणार?

गाडीवर दोन चादरी होत्या. त्यांनी त्या अशा हळुवार काढल्या की मीही आवाज खाली आणला. निवृत्त झाले तेव्हा, १९९८ साली, त्यांनी ती घेतली. मीटरवर तेव्हा १७ हजार होते. थोडी फिरवली, मग पाठ धरली. "आत बसता येतं," ते म्हणाले, "पण बाहेर यायला दोन शेजारी लागतात." विकावीशी वाटेना, आणि एवढी कमी चाललेली गाडी उगाच चालवून खराब का करायची?

मी खिशातून लोहचुंबक काढलं. पत्रा कुजून तिथे लांबी भरली असेल तर चुंबक चिकटत नाही, ही जुनी युक्ती. घरात सापडलेलं एकमेव चुंबक म्हणजे फ्रिजवरचा शनिवारवाडा. तो रुमालात धरून मी दारांवर, मडगार्डवर फिरवला. आजोबा काही बोलले नाहीत, एवढंच विचारलं, "हे तुमचं घर का?" शनिवारवाडा सगळीकडे घट्ट बसत होता. शेवटी दाराखालच्या पट्टीला, मागच्या चाकाच्या जरा अलीकडे लावला, तर तो सावकाश घसरत खाली आला आणि फरशीवर पडला. पडताना कुठूनतरी 'काका मला वाचवा' असं ऐकू आलं.

मी काकांना व्हिडिओ कॉल लावला.

आमच्या काकांनी सातारा-पुणे बावीस वर्षं टॅक्सी चालवली, अँबॅसिडर. खंबाटकीच्या घाटात तिच्या रेडिएटरला त्यांनी जेवढं पाणी पाजलं तेवढं बैलांनाही पाजलं नसेल. आणि घराबाहेर फार कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की त्या अँबॅसिडरचं १,४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १,७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी सिरीजचं. एक भाऊ बंगालात उत्तरपाड्याला जाऊन सरकारी साहेबांना नि वऱ्हाडांना वाहत राहिला, दुसरा इथे छप्पर काढून फिरला.

आजोबांनी चोक ओढला. (चोक! मला एकदम चेतक आठवली, तिरकी करून, मग किक.) सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्या दिवशी दोघींचं एकमत झालं. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. निळा धूर आला आणि निघून गेला. मी फोन बॉनेटखाली धरला.

काकांनी डोळे मिटले. "आरं, ही तर आपली गाडी की! टॅपेट वाजतंय."

"म्हणजे वाईट?"

"वाजू दे. वाजतंय त्येवर बरं. आवाज बंद झाला की व्हॉल्व्ह जळतोय म्हण. कार्बोरेटर दोन हायेत व्हय? एकाचं ट्यूनिंग करता करता माझी दाढी पिकली." मग म्हणाले, "पेट्रोल कसलं घालता तिकडं?"

मी सांगितलं, २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून महागडं घालावं लागेल.

"आमच्याकडं वीस टक्के हाय. आमचाच ऊस." काका खूश झाले. "आता येक इचारतो. किती पळालीय म्हन्लास?"

"एकोणीस हजार मैल."

काकांनी डोळे उघडले. "कॅमेरा पेडलवर धर. क्लचच्या." धरला. पेडलचं रबर मधोमध झिजून गुळगुळीत झालेलं, डावीकडे धातू दिसत होता. "ह्ये एकोनीस हजाराचं पाऊल न्हाई पोरा. मीटर किती आकडी हाय?"

पाच आकडी. काकांनी पुढे काही म्हणायच्या आत स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी राहिली. तिच्या हातात गॅरेजचं पिवळं पडलेलं बिल होतं, १९८९ सालचं, क्लच बदलल्याचं. वरच्या कोपऱ्यात कोणा मेकॅनिकने निळ्या शाईने मीटर टिपून ठेवला होता: ९४,२१०.

मी मनात बेरीज केली. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर पाच आकडी मीटर शून्यावर येतं आणि नव्याने संसाराला लागतं. आजोबांनी घेतली तेव्हा १७ हजार नव्हते, १,१७,००० होते.

आजोबांनी चष्मा लावून बिल वाचलं, काढून पुसला, पुन्हा वाचलं. ते बिल सव्वीस वर्षं त्यांच्याच फाइलमध्ये होतं. "हे मी कधी पाहिलंच नाही," ते म्हणाले. फसवणारा माणूस बिल पाहुणीच्या हातात देत नाही, त्यामुळे मला संशय आला नाही. मला भलतंच सुचत होतं: शीटमधल्या त्या तीन हजारांचं काय? आणि या माणसाने सव्वीस वर्षं, दर उन्हाळ्यात, चांगलं ऊन पडल्यावर, दोन चादरींवरून हात फिरवून गॅरेजचं दार लावून घेतलं होतं. कमी चाललेली गाडी खराब होऊ नये म्हणून.

बराच वेळ फक्त टॅपेट वाजत होतं.

"म्हणजे घडी केव्हाच मोडलेली आहे," बायको मराठीत म्हणाली. मग आजोबांना इंग्रजीत म्हणाली, "म्हणजे आता हिला सांभाळायची काहीच गरज नाही."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. मग गॅरेजच्या खुंटीवरची टोपी काढली, झटकली, घातली, आणि दाराला धरून, एक हात माझ्या खांद्यावर टाकून, पाठीला शिव्या देत स्टिअरिंगमागे उतरले. बायको मला न विचारता दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. गाडी दोन सीटांची आहे, हे जाहिरातीत लिहिलेलं होतंच. गिअर पडला, करकरला, पुन्हा पडला. फाटकाशी वळताना तिने हात वर केला, तो मला होता की छप्पर नसल्याचा आनंद होता ते कळलं नाही.

एका हातात शनिवारवाडा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन मी निळ्या धुरात उभा राहिलो.

"घेतली का न्हाई?" काका विचारत होते.

"काका, ती फिरायला गेलीय."

"कोण, गाडी का सूनबाई?"

वीस मिनिटांनीही रस्त्यावर कोणी दिसत नव्हतं. मी आत जाऊन तिचा अर्धा राहिलेला चहा पिऊन टाकला.