प्लॅन वाढवायच्या आधी टीव्हीच्या मागे डोकावून बघा

टीव्हीवर गोल चक्र फिरायला लागलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घेऊ या." मला हे अजिबात पटत नाही. ओळखीत कुणाचाही टीव्ही अडकला की फोन मला येतो, त्यामुळे जरा ठामपणेच लिहितोय. बहुतेक घरांत दोष प्लॅनचा नसतो, राउटर आणि टीव्ही यांच्या मधल्या भिंतींचा असतो.

आकडेच बघा ना. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) आणि फोर-केला १५ एमबीपीएस वेग पुरतो. घरात १०० चा प्लॅन आहे, एकच टीव्ही अडकतोय, आणि तुम्ही २०० चा घेताय. म्हणजे नक्की काय दुरुस्त केलंत?

हे बोललं की लगेच स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट येतो. "बघ, इथे तर भरपूर दिसतोय!" कुठे उभं राहून काढला? राउटरशेजारी. कशावर? फोनवर. अहो, सिनेमा राउटरशेजारी उभं राहून बघणार आहात का? टेस्ट टीव्हीवर करा. टीव्हीत ब्राउझर असेल तर फास्ट डॉट कॉम उघडा. ती साइट नेटफ्लिक्सचीच आहे आणि वेग त्यांच्याच सर्व्हरवरून मोजते. ब्राउझर नसेल तर फोन टीव्हीच्या मागे, पॅनेल आणि भिंतीच्या फटीत धरून टेस्ट चालवा. टीव्हीला वायफाय तिथेच पकडायचं असतं. त्यातून टीव्हीचं वायफाय फोनपेक्षा बरेचदा कमजोर असतं, म्हणजे फोनला दिसतंय त्याहून कमीच धरा.

मग बँड बघा, म्हणजे टीव्ही राउटरशी कोणत्या रेडिओ लहरींवर बोलतोय ते. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, पण तिथे गर्दी फार. एकमेकांवर न चढणारे चॅनल (बँडमधल्या वेगवेगळ्या वाटा) जेमतेम तीन, १, ६ आणि ११, आणि त्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळेच. ५ गिगाहर्ट्झला ऐसपैस जागा आहे, पण भिंती आल्या की तो ढेपाळतो. राउटर टीव्हीच्याच खोलीत असेल तर डोळे मिटून ५ वर जोडा. दोन्ही बँडना एकच नाव असलं की काही टीव्ही नको त्यालाच चिकटून बसतात. नावं वेगळी ठेवली की कटकट मिटते.

माझं खरं मत विचाराल तर टीव्हीला वायफाय हवंच कशाला? वर्षानुवर्षं एका जागी बसणारी वस्तू आहे ती. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल (नेटची वायर) ओढा. एकदाच भिंतीच्या कडेने वायर न्यायचा त्रास, मग शांतता. (जाता जाता: पुष्कळ टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. पण फोर-केला लागतात १५. उरलेल्याचं काय लोणचं घालायचंय?)

केबलचा फायदा वेगापेक्षा सलगपणाचा. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि ॲप पुढचे तुकडे आधीच साठवून ठेवतं. वेग घटला की चित्राचा दर्जा उतरवतं, साठा संपला की चक्र फिरतं. सरासरी वेग कितीही असो, मधेच काही क्षण डेटाच आला नाही तर खेळ थांबणारच. सिनेमा सुरळीत चालतो आणि लाइव्ह मॅच अडकते, ती यामुळेच. जो चेंडू अजून टाकलाच नाही, तो आधी साठवणार कसा?

अपलोडकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. घरातला एखादा फोन सगळे फोटो क्लाउडवर चढवत बसला की जाणारी वाट तुंबते. टीव्हीला मात्र "तुकडा मिळाला, पुढचा पाठव" हे त्याच वाटेनं कळवायचं असतं.

चित्र गोठलंय पण आवाज चालू आहे? मग बहुधा नेटचा संबंध नाही. टीव्हीचा प्रोसेसर दमलाय किंवा ॲप गंडलंय. रिमोटने बंद केलेला टीव्ही बरेचदा फक्त झोपतो. प्लग काढून मिनिटभराने लावा. न वापरलेली ॲप्स उडवा. टीव्ही जुना असेल तर नव्या टीव्हीपेक्षा स्ट्रीमिंग स्टिक घ्या, म्हणजे टीव्हीला मागून खोचायचं, ॲप्स स्वतः चालवणारं छोटं यंत्र.

आणि कधी कधी तुमच्या घरात काहीच बिघडलेलं नसतं. १५ नोव्हेंबर २०२४ ची माइक टायसन आणि जेक पॉल यांची लढत आठवा. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांनुसार एका वेळी साडेसहा कोटी स्ट्रीम चालू होते, आणि अडकण्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. अशा रात्री राउटरला गदागदा हलवून काय होणार!

राहता राहिलं "राउटर बंद करून चालू करा". करा की, फरक पडतो. पण रोज करावं लागत असेल तर तो उपाय नाही, लक्षण आहे. आधी त्या राउटरला बंद कपाटातून बाहेर काढा, तापतोय बिचारा.

हे सगळं करूनही संध्याकाळी वेग पडतच असेल, तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, बाकीची उपकरणं बंद ठेवा आणि सकाळ-संध्याकाळचं रीडिंग घ्या. कस्टमर केअरचं पहिलं उत्तर "सर, वायफायमुळे होतं ते" हेच असतं. केबलवरचा आकडा पुढे ठेवला की ते तिथेच संपतं आणि लाइन तपासायला माणूस पाठवायची गोष्ट सुरू होते.