सोहो रोडवरचा खप कुणी मोजला?

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांवरून जुंपली आहे. एकाने ठणकावून लिहिलं, "इंग्लंडमध्ये रेकॉर्डचा खरा खप मोजून नंबर लागायचे. आपली बिनाका गीतमाला म्हणजे अमीन सायानींची मर्जी." वर, "विचारा हिला, ती तिथेच राहते." विचारलंच आहे तर सांगते, कारण हे वाक्य मला लागलंय.

ऐंशीच्या सुरुवातीला ब्रिटनचा चार्ट, म्हणजे खपावरून लागणारी गाण्यांची क्रमवारी, कसा बनायचा? ठरावीक दुकानं विकलेल्या रेकॉर्डची नोंद हाताने वहीत करायची आणि त्या वह्यांवरून क्रम लागायचा. ही दुकानं कोणती, याचा पत्ता रेकॉर्ड कंपन्यांना लागलेला असायचा. मग त्यांची माणसं तिथे फुकट रेकॉर्ड वाटायची, आपलीच सिंगल, म्हणजे एका मुख्य गाण्याची छोटी रेकॉर्ड, विकत घ्यायची. 1980 मध्ये 'वर्ल्ड इन अ‍ॅक्शन' या शोध घेणाऱ्या कार्यक्रमाने हे सगळं टीव्हीवर उघडं पाडलं. 1983 मध्ये गॅलप या सर्वेक्षण कंपनीकडे मोजणीचं काम गेलं, दुकानांत यंत्रं आली, लबाडी अवघड झाली. तरी मोजणी निवडक दुकानांचीच राहिली.

माझा खरा राग इथे आहे. त्याच वर्षांत लंडनमधल्या साउथॉलच्या अलाप आणि इथल्या बर्मिंगहॅमच्या अपना संगीत या बँडच्या भांगडा कॅसेटी भराभर खपत होत्या. कुठे? इथल्याच सोहो रोडवरच्या आपल्या लोकांच्या दुकानांत, किराण्याच्या आणि कापडाच्या मालाशेजारी. ही दुकानं चार्टवाल्यांच्या यादीत नव्हती. त्यामुळे लग्नालग्नांत वाजणारं हे संगीत चार्टच्या लेखी नव्हतंच. आजही 74 नंबरच्या बसने तिथे कणीक आणायला जाते तेव्हा वाटतं, या रस्त्याने एवढं विकलं आणि कुणी आकडा लिहून ठेवला नाही. पुण्यात बसून इथल्या मोजणीवर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो. इथे कौन्सिल टॅक्स भरणाऱ्यांना तो परवडत नाही.

आता रेडिओ सिलोनवरची गीतमाला. सायानी दुकानांकडून खपाचे आकडे मागवायचेच, शिवाय गावोगावच्या श्रोता संघांचा कौलही घ्यायचे. दुकानातल्या रेकॉर्ड संपल्या की खप थांबतो, पण गाण्याची आवड थांबत नाही, एवढं त्यांना कळत होतं. मला ही पद्धत जास्त शहाणी वाटते. तिची उणीव एकच, आणि ती मोठी: हिंदीपलीकडे ती पाहत नव्हती.

1987 घ्या. ब्रिटनमध्ये वर्षभरात सर्वाधिक खपलेली सिंगल रिक अ‍ॅस्टलीची, 'नेव्हर गॉना गिव्ह यू अप'. गीतमालेत वर्षाचं पहिलं गाणं 'चिठ्ठी आयी है'. आणि आमच्या मिरजेच्या गल्लीत गणपतीपासून दिवाळीपर्यंत जे वाजलं ते 'गंमत जंमत'मधलं 'अश्विनी ये ना', किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांचं. त्याला नंबर कोण देणार होतं? सिलोनही नाही, लंडनही नाही.

डिसेंबरात ऑफिसच्या पार्टीत अ‍ॅस्टली लागला की माझ्या वयाच्या बायका एका क्षणात शाळेच्या डिस्कोत पोचतात. शब्द मलाही पाठ आहेत. ते मी इथे आल्यावर, तिशी उलटल्यावर शिकले. त्यांच्याबरोबर मोठ्याने गाते, पण ते गाणं मला कुठेही नेत नाही. आणि मिरजेला गेले की भाच्या सध्याची मराठी गाणी लावतात, त्यांतलं एकही मला येत नाही. 'चिठ्ठी आयी है' तर मी आता ऐकत नाही. तेव्हा ते परदेशी गेलेल्या कुणाचं तरी गाणं होतं. आता आई फोनवर "कधी येतेस" एवढंच विचारते आणि मला ते गाणं नको होतं.

म्हणून ग्रुपवरचं ते वाक्य एवढं झोंबलं. ज्या ऐंशीच्या दशकात मी पुरती घरची होते, त्यालाच तुम्ही खोटं ठरवता आहात, आणि साक्षीदार म्हणून मलाच उभं करता.

मी साक्ष देणार नाही. यंदाच्या पार्टीच्या यादीत 'अश्विनी ये ना' टाका असं ऑफिसात सांगून ठेवलंय. "हे कितव्या नंबरला होतं?" असं कुणी विचारलं, तर सोहो रोडपासून सगळं सांगायची माझी तयारी आहे.