रेडच्या बोटीवरचं चित्र ओळखता येतं

'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' हा व्हिडिओ गेम नव्याने खेळायला घेणाऱ्याला, त्यात बोटीवर चित्रं-शिल्पं विकणाऱ्या रेड नावाच्या कोल्ह्याबद्दल एक सल्ला हमखास मिळतो: "रेड कोल्ह्याकडून चित्र घेणं म्हणजे निव्वळ जुगार. प्रत्येक कलाकृतीची नक्कल असते, नुसतं बघून काही कळत नाही. मोबाइलवर असली-नकलीचा तक्ता उघड आणि टिक कर. नकली गळ्यात पडलंच तर कचऱ्यात टाक. आणि रेड क्वचित येतो, तेव्हा मिळेल ते उचल." सल्ला आपुलकीने दिलेला असतो, पण तो ऐकला तर या खेळातली फार सुंदर गोष्ट हातची जाते.

आधी जुगाराचं. पत्ता उलटण्याआधी पैसे लावावे लागले तर तो जुगार. इथे ४,९८० बेल्स (खेळातलं चलन) देण्याआधी प्रत्येक वस्तू जवळून निरखायची सोय आहे. बोटीत उजेड कमी असतो, म्हणून ती वापरायचीच. शिवाय पहिल्या भेटीत ज्या चित्राचे रेड ४,९८,००० मागतो आणि मग ४,९८० वर येतो, ते अस्सलच असतं.

प्रत्येकाची नक्कल असते, हेही खरं नाही. एकूण ४३ कलाकृती आहेत, ३० चित्रं आणि १३ शिल्पं. त्यांतल्या १६ कधीच नकली येत नाहीत. व्हॅन गॉगची 'सूर्यफुलं' आणि 'तारांकित रात्र', होकुसाईची ती प्रचंड लाट, रोदँचा 'विचारवंत': ही दिसली की डोळे झाकून घ्यावीत.

"बघून कळत नाही" हा दावा मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण बनवणाऱ्यांनी मेहनत घेतली आहे ती नेमकी बघायला लावण्यासाठी. नकलांमध्ये प्राचीन ग्रीक थाळीफेकपटूच्या मनगटावर घड्याळ, चीनच्या मातीच्या सैनिकाच्या हातात फावडं, व्हीनस द मिलोच्या गळ्यात हार. याला कलेचं शिक्षण लागत नाही. पुढची पायरी आठवणीची. मोनालिसाला भुवया दिसत नाहीत, नकलीला त्या ठसठशीत असतात. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या खांद्यावर गोफण असते, नकली डेव्हिड काखेत पुस्तक धरून उभा राहतो. व्हर्मीरच्या मोतीवाल्या मुलीच्या कानात नकलीत मोत्याऐवजी चांदणी लटकते.

त्याच व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईकडे बघा. मूळ चित्रात दुधाची धार अगदी बारीक आहे, आणि त्या खोलीतली सगळी शांतता त्या धारेवर तोललेली आहे. नकलीत धार जाड होते. एवढाच फरक, पण तो एकदा दिसला की मूळ चित्रात ती धार इतकी बारीक का ठेवली असेल, हा प्रश्न आपोआप पडतो. तक्त्यात "दूध जास्त = नकली" एवढंच लिहिलेलं असतं. तेवढं वाचून खरेदी होते, पण चित्र पाहायचं राहून जातं.

काही नकला खरोखर अवघड आहेत, हे मान्य. जपानी चित्रकार मोरोनोबूच्या, मागे वळून पाहणाऱ्या सुंदरीची आकृती नकलीत फक्त मोठी असते, मूळ चित्र समोर नसेल तर कुणाचीही फसगत होईल. अशा वेळी तक्त्याऐवजी मूळ चित्राचा चांगला फोटो उघडून शेजारी धरावा. दूधवाली ज्या ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, त्या संग्रहालयाने तर आपल्या चित्रांचे मोठे, स्पष्ट फोटो सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत.

नकली निघालं तर खेळातलं संग्रहालय सांभाळणारा ब्लेदर्स घुबड ते घेत नाही, दुकानातही विकलं जात नाही. म्हणून लगेच कचऱ्यात टाकायचं कारण नाही. नकली मोतीवाली मुलगी घरात टांगून ठेवा, रात्री ती डोळे मिटते. अस्सल चित्रात हे कधीच होणार नाही. असे चमत्कार आणखीही काही नकलांमध्ये आहेत, आणि मुद्दाम त्या जमवणारे लोक आहेत.

राहिली घाईची गोष्ट. नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटपासून हार्व या पात्राच्या बेटावर वर्गणी भरून रेडचं दुकान कायमचं उघडता येतं आणि तिथे दोन कलाकृती मांडलेल्या असतात. शंका असेल तर ती कलाकृती सरळ सोडून द्यावी.